उगवलं तर धान्य

मी आईला साठेबाज म्हटलं तेव्हा ती ओसरीवर बसून चिंच फोडत होती. तिने हातातला दगड खाली ठेवला नाही. टरफल बाजूला, चिंचोका बाजूला, गर टोपलीत, असं तिचं चालूच राहिलं.

"काय म्हणलीस?"

"साठेबाज. गरजेपेक्षा जास्त धान्य जो घरात कोंडून ठेवतो तो."

"आन् गरज किती ते कुणी ठरवायचं? तुझ्या कागदानं?"

ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. आम्ही निजामाच्या राज्यात, परभणीला राहत होतो आणि माझे वडील तिथल्या सरकारी शाळेत शिक्षक होते. आम्ही मुलं त्यांना दादा म्हणत असू. घरात दादा, आई, मी आणि माझ्या मागची दोन लहान भावंडं. दादांच्या पगारात पाच तोंडं भरायची, तर आईला एकच मार्ग ठाऊक होता, आणि तो तिच्या आईलाही तेवढाच ठाऊक होता: उन्हाळा संपायच्या आत वर्षाचं सगळं घरात आणून ठेवायचं. ज्वारी, तूर, मिरची, मीठ, गूळ, चिंच, करडईचं तेल. याला ती बेगमी म्हणे.

जी वस्तू ज्या आठवड्यात सगळ्यात स्वस्त, त्याच आठवड्यात ती घ्यायची, आणि जितकी कच्ची मिळेल तितकी कच्ची घ्यायची. चिंच टरफलासकट, कारण फोडलेल्या चिंचेत फोडणारणीची मजुरी असते. तूर अख्खी, कारण डाळीत भरडणारणीची मजुरी असते. मिरची बाजार उठताना, देठांसकट. आमच्या घरात पैसा कमी होता आणि हात पुष्कळ होते, म्हणून बाहेरच्या हातांचं काम ती विकत घेत नसे. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत आमच्या अंगणात काही ना काही वाळत पडलेलं असे. आम्ही मुलं शाळेतून आलो की दप्तर टाकायचं आणि देठ खुडायला बसायचं. माझ्या बोटांची आग रात्री झोपेपर्यंत जात नसे. पण श्रावणात शेजारच्या घरांत डब्याचा तळ खरवडल्याचा आवाज येई तेव्हा आमच्या कणगीत ज्वारी असे. कडुनिंबाचा पाला आणि राख यांच्यात ती निर्धास्त पडलेली असे.

त्या वर्षी मात्र ज्वारी घरात यायची वाट बंद झाली होती. सरकारने शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य वसूल करायला सुरुवात केली होती आणि शहरातल्या लोकांना कार्डावर धान्य मिळू लागलं होतं. गावाहून शहरात धान्य आणायचं तर परवाना लागे, आणि ज्याच्याकडे कार्ड त्याला परवाना नाही. आदल्या वर्षी भादव्यात कार्डाचं दुकान बंद पडलं. उघडलं तेव्हा ज्वारीत खडे होते. धाकटी बहीण रांगेतच माझ्या खांद्यावर झोपून जायची. त्या भादव्यात आईने मनाशी काय ठरवलं ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण मृग लागायच्या आत घर भरायचं, हे तिच्या वागण्यात दिसत होतं.

आणि दादा सरकारी नोकर. आमच्याच गल्लीत एका कारकुनाच्या घरी बिनपरवान्याचं पोतं सापडलं आणि तो मुअत्तल झाला, म्हणजे घरी बसवला गेला. त्याची बायको आता दुसऱ्यांच्या घरी दळण दळत होती. दादांनी आईला एवढंच सांगितलं होतं, "गावाहून पोतं आलेलं मला या घरात दिसता कामा नये." मोठ्याने बोलले नव्हते. दादा घरात कधीच मोठ्याने बोलत नसत.

आता माझ्या कागदांविषयी. पुण्याला शिकणारा माझा चुलतभाऊ सुटीत येताना अंथरुणाच्या वळकटीत पत्रकं गुंडाळून आणी. आमच्या राज्यात ती जवळ बाळगणं गुन्हा होता, म्हणून ती वाचून झाली की माझ्याकडे येत आणि मी ती तांदळाच्या रिकाम्या डेऱ्यात ठेवी. पुस्तकं विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती. पत्रकं फुकट होती. त्यामुळे मी वाचायला शिकले ते खरं पत्रकांवर. त्यांची वाक्यं छोटी असत आणि त्यांना शंका माहीत नसे. मलाही मग शंका येईनाशी झाली.

एक पत्रक साठेबाजांवर होतं. दुसरं भाषेवर होतं. आपल्या मुलांना आपल्या मातीत परक्या भाषेतून शिकावं लागतं, असं त्यात लिहिलं होतं, आणि ते अक्षरशः खरं होतं. आमच्या शाळांत भूगोल उर्दूत, गणित उर्दूत. गोदावरी कुठून कुठे वाहते हे गोदाकाठच्या पोरांना उर्दूतून पाठ करावं लागे. जी मुलं घरी हुशार असत ती वर्गात मुकी होत. मी ती मुकी मुलं पाहिली होती. त्यांतली एक मी स्वतः होते, दोन वर्षं. पुढे मला उर्दू इतकी छान आली की मास्तर माझी वही इतरांना दाखवत, आणि त्याचाच मला राग येई. म्हणून त्या वर्षी मी शपथ घेतली: आमच्याकडच्या शाळा मराठीत शिकवू लागेपर्यंत वर्गाबाहेर उर्दूचा एक शब्द तोंडातून काढणार नाही.

दादा दिवसभर उर्दूत शिकवून घरी येत आणि पाय धुऊन मुकाट बसत. माझ्या शपथेची बातमी त्यांना आईने दिली. ते म्हणाले, "बरं." त्यांच्या त्या "बरं"चा अर्थ लावायची गरज मला तेव्हा वाटली नाही.

शपथेच्या पुढची पायरी म्हणजे घरातली भाषा धुऊन काढणं. जमीन म्हणू नका, भूमी म्हणा. बाजार म्हणू नका, हाट म्हणा. आई म्हणे, "मग तूच जा त्या हाटात आन् मिरची घिऊन ये. मला आपला बाजारच घावतो." एक दिवस मी बेगमीवर आले.

"बेगमी म्हणू नको. बेगमांचा शब्द आहे तो. जनानखान्यातला."

आईने चिंचेने बरबटलेले हात माझ्यासमोर धरले. "बग बेगमेचे हात. मंग काय म्हणू?"

"संचय म्हण."

"संचय," ती म्हणाली आणि धाकट्या बहिणीकडे पाहून हसली. "ऐकलंस का गं? आज संचयाची आमटी हाय."

त्या वैशाखात आई मला आणि दोन्ही भावंडांना घेऊन चुडाव्याला, तिच्या भावाकडे गेली. माहेरपण म्हणून. मामाची थोडी कोरडवाहू जमीन होती. सरकारी वसुली देऊन त्याच्याकडे जी ज्वारी उरली होती तिच्यातला वाटा तो आईला दरवर्षीप्रमाणे सुगीच्या भावाने द्यायला तयार होता. प्रश्न एवढाच, ती परभणीला न्यायची कशी. मामा म्हणाला, "अक्का, पोतं दिसलं की नाकेदार घेतो. मागल्या हप्त्यात एकीच्या लेकराच्या झोळीत हात घातला त्यानं."

आई म्हणाली, "ज्वारीचं पोतं कोण न्यायलंय? ज्वारी न्यायचीच न्हाई."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून जातं सुरू झालं. ज्वारी भरडून तिच्या कण्या केल्या, चाळून, पाखडून, उन्हात कडक वाळवून. काही ज्वारी भाजून तिचं सातूचं पीठ. काही भिजवून, वाटून, शिजवून तिच्या खारोड्या बाजेवर घातल्या. दुपारी त्या उलटायला मी आणि धाकटा भाऊ, आणि कावळे हाकायला बहीण. मामीने हिवाळ्यात हुरडा वाळवून ठेवला होता तोही तिने देऊन टाकला. तूर भिजवली, वाळवली, भरडली, तिची डाळ झाली, डाळीला एरंडेलाचा हात लावला. जी ज्वारी कणगीत अख्खी राहायची, तिची आईने जितकी रूपं करता येतील तितकी केली.

मामा शेतावरून आला की अंगणात पाय ठेवायला जागा नसे. तो उंबऱ्यापाशी उभा राहून म्हणे, "अक्का, मी हितं लय येळ उभा राहिलो तर मला बी लाटून वाळू घालशील."

"तुझा पापड कडू निघंल," आई म्हणे.

मला मात्र हे सगळं खालच्या दर्जाचं वाटत होतं. कायदा अन्यायाचा आहे, तर तो उघड मोडावा. पोतं डोक्यावर घ्यावं, नाक्यावर जावं, सांगावं की हे माझ्या मामाने पिकवलेलं आहे आणि मी ते माझ्या भावंडांसाठी नेते आहे. अडवायचं तर अडवा. हे मी आईला जात्यावर समोर बसून सांगितलं. तिने खुंटा सोडला नाही, मीही सोडला नाही, त्यामुळे भांडण आणि दळण एकाच लयीत चाललं होतं.

"तू तुरुंगात जाशील," आई म्हणाली. "तिथं भाकरी सरकारची. ही दोन लेकरं हायत, ह्यांनी कुणाच्या तुरुंगात जायचं? आन् तुझ्या दादांची नोकरी गेल्यावर कुणाची भाकरी?"

"मग ही लबाडी नाही का?"

"लबाडी कशी? त्यांनी सांगितलं, धान्य आनू नका. मी धान्य न्हाई आनायले. जे पेरलं तर उगवतंय ते धान्य. कण्या पेरून बग, उगवत्यात का. उगवलं तर धान्य."

 पत्रकांत धान्याची व्याख्या दिलेली नव्हती.

निघायच्या दिवशी मामीने आईची ओटी भरली. खण, खोबऱ्याची वाटी, हळदीकुंकू, आणि माहेरची मूठ मूठ ज्वारी. अख्खी, टपोरी ज्वारी. आईने पदर पसरून ती घेतली, गाठ मारली आणि कमरेला खोचली. सासरी जाणाऱ्या लेकीची ओटी रिकामी जात नाही, त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. सगळा महिना धान्याचं रूप बदलण्यात घालवलेल्या आईच्याही ते ध्यानात आलं नाही.

परभणीच्या स्टेशनवर उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. फाटकाच्या आत टेबल टाकून नाकेदार बसला होता. वयस्क माणूस, दाढी मेंदीने रंगवलेली, कानाला रुमाल गुंडाळलेला. शेजारी एक चपराशी, आमच्याकडचाच, मराठी बोलणारा. आमच्यापुढच्या माणसाची पिशवी उलटी करून झाली आणि आमची पाळी आली.

"इसमें क्या है अम्मा? क्या क्या ले को जारे?" नाकेदाराने विचारलं.

आई त्याच्या बोलण्यातलं बरंच समजत होती, पण बोलायची तिला सवय नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं. नाकेदारानेही पाहिलं, माझ्या हातात पिशवी होती आणि केस शाळेतल्या मुलीसारखे दोन वेण्यांत होते. "बेटी, तू बोल."

माझी शपथ माझ्यापुढे उभी होती. मी मान ताठ केली आणि माझ्याजवळ जी सगळ्यात शुद्ध मराठी होती ती वापरली. म्हणाले, "हा आमचा वर्षभराचा संचय आहे."

नाकेदाराला कळलं नाही. त्याने चपराश्याकडे पाहिलं. चपराशी दात काढून म्हणाला, "साठा बोल रही साहब. साल भर का साठा."

त्या दिवसांत प्रत्येक नाक्यावर, प्रत्येक भिंतीवर ज्या एका शब्दाची बंदी लावलेली होती, तो नेमका शब्द मी संस्कृतात नेऊन त्याच्या टेबलावर ठेवला होता. नाकेदार उठून उभा राहिला. "साठा? अनाज का साठा? खोलो सब."

आईने माझ्याकडे एकदाच बघितलं. मग पुढे झाली. "साठा न्हाई बाबा. पोरगी येडी हाय. बेगमी हाय ती. बेगमी."

पोत्याच्या गाठीवरचा त्याचा हात थांबला. "क्या बोले अम्मा?"

"बेगमी. पावसाळ्याची."

"बे-ग़मी," तो म्हणाला. शब्दाचे दोन तुकडे करून, मध्ये श्वास सोडून. मग चपराश्याला म्हणाला, "सुना? ग़म नहीं सो बे-ग़मी. बरसात में फ़िकर नक्को बोल के पहले से भर को रखना. हमारी नानी बी यहीच बोलते थे." आणि पुन्हा खाली बसला.

 तो शब्द मी बेगमांचा म्हणून हाकलला होता. त्याचा बेगमांशी संबंध नव्हता. ज्या बाईने जन्मात चिंतेशिवाय एक पावसाळा काढला नाही ती वर्षानुवर्षं निश्चिंती हा शब्द उच्चारून देठ खुडत होती, आणि हे मला सांगितलं कुणी, तर निजामाच्या नाकेदाराने.

पण शब्द आवडला म्हणून झडती टळत नाही. पोती उघडली गेली. त्याने कण्यांत हात घातला, बोटांवर घेऊन पाहिल्या. "ये जवार है."

"ज्वारी न्हाई, कण्या हायत," आई म्हणाली. "पेरून बगा. उगवलं तर धान्य, न्हाई उगवलं तर न्हाई."

"क्या?"

चपराशी आता तोंड उघडेना. त्याला बहुधा या झडतीतून वेगळं काही निघायची आशा होती. तो आमच्या खारोड्यांच्या पिशवीकडे पाहत होता. नाकेदार त्याच्याकडे, मग आईकडे, मग माझ्याकडे पाहू लागला. भावाने माझा परकर धरला होता. वर्षाची भाकरी टेबलावर होती, त्यामागे दादांची नोकरी होती, आणि आईने केलेला युक्तिवाद बिनतोड होता. फक्त तो त्या माणसापर्यंत पोचवायला एक तोंड हवं होतं.

मी उर्दूत बोलले. "कहती हैं, बो कर देख लीजिए. उग आए तो अनाज है, न उगे तो अनाज नहीं."

नाकेदार हसला नाही. त्याने ते मनात एकदा फिरवून पाहिलं, एखाद्या वकिलाचं म्हणणं ऐकावं तसं. मग म्हणाला, "इतनी साफ़ ज़बान किसने सिखाई?"

हा प्रश्न सगळ्यात वाईट होता. उत्तर होतं, माझ्या वडिलांनी, जे सरकारी शाळेत शिक्षक आहेत. खोटं बोलायचं नाही हे मला पत्रकांच्याही आधी आईने शिकवलेलं होतं. आईला एवढी उर्दू नक्की कळली, कारण तिचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला.

"मदरसे में सीखी," मी म्हणाले. मदरसा म्हणजे शाळाच, तेही खरं होतं.

त्याने खणातून छापील कागद काढला आणि बोट फिरवत वाचू लागला. गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ. कण्या नव्हत्या. खारोड्या नव्हत्या. सातू नव्हतं, वाळला हुरडा नव्हता. मग बोट एका ठिकाणी थांबलं. "दाल लिखी है."

"डाळ बी उगवत न्हाई बाबा," आई म्हणाली. "तूर उगवती, डाळ न्हाई." मी तेही उर्दूत सांगितलं.

"सच है," नाकेदार म्हणाला. "मगर लिखी है."

डाळीचं पोतं टेबलामागे गेलं. एरंडेल लावलेली, पाखडलेली, एकेक खडा वेचलेली डाळ. आई त्या पोत्याकडे नुसती पाहत राहिली. मग नाकेदाराची नजर तिच्या कमरेला खोचलेल्या गाठीवर गेली. "और ये?"

तेव्हा कुठे आम्हा दोघींच्या लक्षात आलं. आईने स्वतःच गाठ सोडली आणि पदर पसरला. हळदीकुंकवाने माखलेली अख्खी ज्वारी. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांग त्याला. हे उगवंल."

मी सांगितलं, "ये उगेगा." आणि मग न विचारताच पुढे बोलत गेले. ओटीला उर्दूत शब्द मला येत नव्हता. मी म्हटलं, मायके वालों ने गोद भरी है, ये उसकी जवार है. मी इतकं भराभर बोलत होते की माझं मलाच कळलं नाही मी किती बोलते आहे.

नाकेदाराने टेबलावरची दौत सरळ केली. "गोद हमारे में बी भरते," तो म्हणाला. "बांध लो अम्मा. चलो, आगे कौन है?"

आम्ही टांगा केला. बाजारपेठ मागे पडल्यावर आई म्हणाली, "जे उगवत न्हाई ते नेलं. जे उगवतंय ते सोडलं. ह्या राज्याचं मला काय बी कळायलं न्हाई बाई."

मी पिशवीची गाठ पुन्हा आवळली.

"तुझी शपथ मोडली का गं?"

"मोडली."

"लागंल का काही?"

"माहीत नाही."

तिने कमरेची ओटी चाचपली. मग म्हणाली, "त्यो बाबा काय म्हणला त्या शब्दाला? बेगमीला?"

मी सांगितलं. गम म्हणजे दुःख, काळजी. बे-गम म्हणजे ती नसलेला. बेगमी म्हणजे निश्चिंती.

"आन् तू मला जनानखान्यातली म्हणलीस," ती म्हणाली. मग स्वतःशीच, "निश्चिंती. डाळ गेली की."

मी आजही त्या शपथेच्या वेळी होते तिथेच उभी आहे. मुलांना त्यांच्या आईच्या भाषेत शिकू न देणारं राज्य जुलमी, हे मी तेव्हा म्हणत होते आणि आता लिहिते आहे. पण माझा राग ज्या राज्यावर होता ते सोडून मी आईच्या तोंडातल्या शब्दांची झडती घेत होते, आणि यादीत नाव दिसलं की पोतं टेबलामागे टाकत होते, हे त्या नाक्यावर उभं राहिल्याशिवाय मला दिसलं नसतं. साठेबाजांवरचं पत्रकही मी नंतर पुन्हा वाचलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त ते लिहिणाऱ्याने कणगीत डोकावून पाहिलेलं नव्हतं. साठेबाज भाव चढायची वाट पाहत असतो. आई आभाळ भरून यायच्या आत धावत होती. बाहेरून दोघांची पोती सारखीच दिसतात, आणि कायदा बाहेरूनच पाहतो.

दादांना आईने सगळं सांगितलं. मी उर्दूत बोलल्याचंही. ते म्हणाले, "बरं."

पावसाळा आला. कार्डाचं दुकान आठवडा उघडं, आठवडा बंद असं चालू लागलं, आणि पुढे बंदच राहिलं. आमच्या घरात चूल पेटत राहिली. सकाळी कण्या ताकात, संध्याकाळी कण्या चिंचेच्या कढणात. मध्येच खारोड्या भाजून, मध्येच सातू गुळाच्या पाण्यात. आमटी नाही, कारण डाळ नाही. कुणी उपाशी झोपलं नाही. पण कण्यांची भाकरी होत नाही, ही गोष्ट चुडाव्याच्या अंगणात आमच्यापैकी कुणी हिशेबात धरली नव्हती. धान्य राखण्यासाठी आम्ही त्याचं धान्यपण काढून टाकलं होतं, आणि भाकरी त्या धान्यपणातच होती.

धाकट्या भावाने आधी रुसून पाहिलं, मग रडून. भादव्यातल्या एका संध्याकाळी तो ताटावर बसलाच नाही. "मला भाकर पायजे. गोल भाकर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने कण्या पुन्हा जात्यावर घेतल्या. मी खुंट्याला हात लावला. एकदा भरडलेलं, वाळवलेलं, महिनोन् महिने पडून राहिलेलं. त्याचं पीठ झालं, पण विरी गेलेलं, म्हणजे हाताला न चिकटणारं, वाळूसारखं सुटणारं. आईने उकळतं पाणी घालून ते मळलं. थापताना कडेने भेगा पडत गेल्या. तव्यावर टाकताना एक तुकडा निखळला, उलटताना आणखी दोन. ती भाकरी तव्यावरून ताटात आली तेव्हा तिचे तुकडेच होते.

भाऊ ताटाकडे बघत राहिला. "ही गोल न्हाई."

आईने तोंड फिरवून चुलीत लाकूड सारलं. धुराचं निमित्त बरं होतं.

दादा शाळेत जायच्या घाईत होते, अंगात कोट होता. ते भावाच्या ताटाशी बसले आणि बोटांनी तुकडे सरकवू लागले. मोठा तुकडा मध्ये, कडेचे कडेला, वर्गात फाटलेला नकाशा जुळवावा तसे. एक तुकडा त्यांनी फिरवून पाहिला, परत फिरवला, मग तो बसला. हळूहळू ताटात एक भाकरी तयार झाली.

भाऊ वाकून तपासत होता. त्याने बोट ठेवलं. "हितं फट हाय."

"मग तिथूनच सुरुवात कर," दादा म्हणाले.

त्याने तिथून सुरुवात केली.